आउटरनसारखी स्टीअरिंगवाली व्हिडिओ गेम मशीन घरी बनवायलोय, पार्ट मराठवाड्यात कुठं मिळतील?

परभणीकर_पार्लर

राम राम मंडळी. प्रश्न मोठा आहे म्हणून जरा सविस्तर लिहायलोय, वेळ असंल तर पूर्ण वाचा.

१९९३-९४ च्या टायमाला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत नांदेडला मामाकडं जायचो. तिथं एका गाळ्यात चार मशिनी होत्या, तीन मारामारीच्या आन् एक स्टीअरिंगवाली. मामा दिवसाला दोन रुपये द्यायचा आन् मी दोन्ही नाणी त्या स्टीअरिंगवाल्या मशिनीतच घालायचो. लाल उघडी गाडी, बाजूला नारळाची झाडं, वाळू, निळं पाणी. समुद्र मी पहिल्यांदा त्या काचेत बघितला, खरा बघायला त्याच्यानंतर बारा वर्षं लागली. गेमचं नाव लई वर्षांनी कळलं, सेगा कंपनीची आउटरन, १९८६ ची, यू सुझुकी म्हणून जपानी माणसानं बनवलेली.

आता तशीच उभी मशीन घरी बनवायचीय. हुबेहूब तीच नको पण हातात खरं स्टीअरिंग पाहिजे, पायात खरे पेडल पाहिजेत आन् तो वर-खाली होणारा दोनच पोझिशनचा गिअर पाहिजे. बाहेरदेशातून मूळ मशीन मागवणं परवडत नाही, आन् खरं सांगतो, हातानं बनवायचीच हौस आहे.

सध्या माझ्याकडं काय आहे तर २१ इंची जुना डब्बा टीव्ही, चालू कंडिशनमधी. एक रास्पबेरी पाय ३ आहे, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, गेम त्याच्यावरच चालवायचाय, पुतण्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा उरलेला. प्लायवाला ओळखीचा आहे, रविवारी दोन शीट कापून घ्यायचा विचार चाललाय.

स्टीअरिंगचा रॉड, बेअरिंग, पेडल, गिअर, ती कडेची काळी पट्टी, वरची लाइटवाली नावाची पाटी हे सगळं कुठून आणावं तेच कळंना झालंय. ऑनलाइन बघितलं तर तयार किट बाहेरच्या देशातले आन् कस्टम धरून किंमत डोळे फिरवणारी. दिवाळीला भाचरं यायलेत, तोवर चालू झाली पाहिजे. कुणी असं काही बनवलंय का?

वाळूज_टर्नर

भाऊ सगळ्यात आधी एक काम करा, रविवारचं प्लाय कापणं रद्द करा. मी हे हात जोडून सांगायलोय कारण मी माझी पहिली बॉडी आधी बनवली आन् मग स्टीअरिंगचा रॉड आत बसंना, टीव्हीची मागची शेपटी नेमकी तिथंच यायची जिथं रॉड जायचा. दोन शीट वाया गेल्या. स्टीअरिंग, पेडल आन् टीव्ही हे तीन आधी जमिनीवर, चौकोनी पाइपाच्या साध्या फ्रेमवर बसवा, उभं राहून खेळून बघा, मग त्याच्या भोवती लाकूड येऊ द्या.

आता स्टीअरिंग. गाड्यांच्या गेमची स्टीअरिंग दोन जातीची असतात हे आधी ध्यानात घ्या. आउटरन, डेटोना या गेमचं स्टीअरिंग साधारण २७० अंश फिरून दोन्हीकडं अडतं आन् त्याच्या टोकाला पॉट असतो, म्हणजे आपला रेडिओच्या आवाजाचा असतो तसला व्हेरिएबल रेझिस्टर. नॅम्कोची १९८२ ची पोल पोझिशन असल्या गेमचं स्टीअरिंग गोल गोल कितीबी फिरतं, त्याला ऑप्टिकल एन्कोडर, म्हणजे उजेडावर फिरणं मोजणारा सेन्सर लागतो. तुम्हाला आउटरन पाहिजे म्हणजे पहिली जात, ती सोपी आन् स्वस्त बी.

भंगारातून मारुती ८०० चं अख्खं स्टीअरिंग आणू नका, घरच्या मशिनीला ते लई मोठं दिसतं आन् पोरांचे हात पुरत नाहीत. कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात १२ ते १४ इंची स्पोर्ट्स स्टीअरिंग मिळतं, त्याला सहा बोल्टाची भोकं ७० मिमी पीसीडीवर, म्हणजे ७० मिमी व्यासाच्या गोलावर असतात, ते घ्या. रॉड २० मिमीचा ब्राइट बार, दीड फूट पुरतो. बेअरिंगला यूसीपी २०४ चे दोन पेडेस्टल, म्हणजे बेअरिंग बसवलेले लोखंडी ठोकळे, ते कुठल्याबी बेअरिंगच्या दुकानात मिळतात कारण मळणी यंत्र आन् कडबाकुट्टीच्या दुरुस्तीला बी असलेच पेडेस्टल लागतात. परभणीच्या मोंढ्यात दहा मिनिटांत भेटतील, त्याच्यासाठी ऑनलाइन जायची गरज नाही. रॉडाच्या वरच्या टोकाला लेथवाल्याकडनं सहा भोकांची चकती करून वेल्डिंग मारून घ्या, पण चकती वेल्डिंगनंतर एकदा लेथवर फिरवून फेस मारायला, म्हणजे तोंड सपाट करायला सांगा, नाहीतर स्टीअरिंग डुगडुग फिरतं.

स्टॉपर सगळ्यात महत्त्वाचा. रॉडाला १२ मिमीचा बोल्ट आडवा वेल्ड करा आन् फ्रेमवर दोन्हीकडं रबरी सायलेंट ब्लॉक लावा. पॉट साधारण ३०० अंश फिरतो, तुमचं स्टीअरिंग २७० ला लोखंडावर अडलं पाहिजे. लोखंडाचा स्टॉपर नसला तर पोरं जोरात फिरवून पहिल्याच दिवशी पॉटची आतली टोकं तोडतात.

मधी परत यायला मोटारसायकलच्या साइड स्टँडच्या दोन स्प्रिंगा लावा, एक इकडून ओढती, एक तिकडून. त्या कडक असतात, मापात बसतात आन् तुटली तर गावातल्या कुठल्याबी स्पेअर पार्टच्या दुकानात मिळती.

नांदेड_टीव्ही_रिपेअर

टीव्हीबद्दल मी बोलतो, पंचवीस वर्षं हेच काम करायलोय.

डब्बा टीव्ही वापरायचा विचार एकदम बरोबर आहे, एलसीडीचा नाद लावू नका. आउटरनचं चित्र ३२० बाय २२४ चं आहे, ते १५ किलोहर्ट्झच्या ट्यूबसाठीच काढलेलं आहे, ट्यूबवर त्या आडव्या रेषांमधी जे रंग दिसतात ते एलसीडीवर कितीबी फिल्टर लावले तरी येत नाहीत. आपल्याकडं तर टीव्ही शोधायचं बी काम नाही, पैठण रोडला चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्या टायमाचे सेट अजून गावोगावच्या माळ्यावर पडलेत. कुणी देत असंल तर एक जास्तीचा बी घेऊन ठेवा.

रास्पबेरी पाय ३ ला साडेतीन मिमीचा ऑडिओचा जॅक असतो त्यातूनच व्हिडिओ बी निघतो, सरळ टीव्हीच्या एव्हीत जातो, मधी कन्व्हर्टर नको. व्हीजीए टू एव्ही असले डबे लावू नका, चित्र पुसट होतं आन् स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी उशिरा वळती. कॉन्फिग फाइलमधी एसडीटीव्ही मोड १६ टाका म्हणजे प्रोग्रेसिव्ह एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही सिग्नलची पद्धत) येतं, चित्र थरथरत नाही. केबल घेताना मात्र सांभाळा. त्या जॅकला चार पट्टे असतात आन् जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या केबलीत त्यांचा क्रम वेगळा असू शकतो, दिसायला दोन्ही सारख्या. रास्पबेरी पायमधी टोकाला डावा आवाज, मग उजवा, मग ग्राउंड आन् सगळ्यात मागं व्हिडिओ. मल्टीमीटरनं तपासून मगच लावा. आन् टीव्ही एनटीएससी घेतो का ते आधी बघा, काही जुने सेट फक्त पाल, म्हणजे आपल्याकडची पद्धत घेतात, त्यावर चित्र काळं-पांढरं येतं.

आता जिवाची गोष्ट. ट्यूबच्या डोक्यावरची रबरी टोपी, तिच्याखाली २१ इंचीला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आन् स्विच बंद केल्यावर बी ते ट्यूबमधी साठून राहतात. यूट्यूब बघून स्क्रू ड्रायव्हर घालू नका. वर बऱ्याच जुन्या सेटची चासी (आतला सर्किटचा सांगाडा) हॉट असती, म्हणजे घरची लाइन सरळ चासीवर, तिला हात लावला किंवा तिला अर्थिंग केलं तर धोका. माझं ऐका, टीव्ही त्याच्या प्लॅस्टिकच्या बॉडीसकट बसवा, पुढून काळी फ्रेम लावून बॉडी झाका. तुमची लोखंडी फ्रेम मात्र वेगळी अर्थिंगला जोडाच, बोर्डात अर्थिंग नसंल तर आधी ती करून घ्या, पोरं घामट हातानं लोखंडाचा रॉड धरणारेत.

लातूर_रेसर

एवढा खटाटोप काऊन करायलात पण? सेकंडहँड लॉजिटेकचं स्टीअरिंग घ्या, जी २७ किंवा जी २९, पेडल त्याच्यासोबतच येतात, फोर्स फीडबॅक बी मिळतो म्हणजे गाडी कडेला घासली की स्टीअरिंग हातात थरथरतं. ते ९०० अंश फिरतं पण सॉफ्टवेअरमधी २७० करता येतं. यूएसबी लावली की काम संपलं. मी माझ्या लॅपटॉपवर असंच खेळतो.

वाळूज_टर्नर

@लातूर_रेसर दादा तुमचं म्हणणं टेबलवर खेळणाऱ्यासाठी एकदम खरं आहे, फोर्स फीडबॅक जमवायचा झाला तर ते मोटर, ड्रायव्हर बोर्ड असलं काम लई वाढतं हे बी मान्य. पण उभ्या मशिनीत ते प्लॅस्टिकचे क्लॅम्प टिकत नाहीत. उभं राहून खेळताना माणूस सगळा भार स्टीअरिंगवर टाकतो, बारा वर्षांचं पोर तर लोंबकळतंच. आन् तिथला एखादा गिअर तुटला तर परभणीत तो पार्ट कुठं मिळणार? हे दोन बेअरिंगवालं मॉडेल मोडलं तर गल्लीतला वेल्डर दुरुस्त करतो. शिवाय त्यांना बनवायचीच हौस आहे असं लिहिलंय की.

अंबाजोगाई_फर्निचर

लाकडाचं मी सांगतो. सगळे इंग्रजी व्हिडिओवाले १८ मिमी एमडीएफ दाखवतात कारण ते गुळगुळीत असतं, रंग छान बसतो. पण ८ बाय ४ ची १८ मिमीची एक शीट चाळीस किलोच्या आसपास भरती, त्यात टीव्ही बसवला तर मशीन हलायची नाही. पावसाळ्यात खाली ओल लागली की फुगती बी. बाजू आन् तळ बीडब्ल्यूआर, म्हणजे ओल सोसणाऱ्या प्लायमधी करा, एमडीएफ फक्त पुढच्या कंट्रोल पॅनलला. तळाला चार चाकं आन् वाळवीचं औषध मारल्याशिवाय भिंतीला लावू नका, आपल्याकडच्या वाळवीला गेमबिम कळत नाही.

कडेची काळी पट्टी म्हणजे टी मोल्डिंग, तिच्यासाठी प्लायच्या जाडीत मधोमध खाच मारावी लागती आन् त्याचं कटर सगळ्या सुतारांकडं नसतं. त्याच्यापेक्षा पीव्हीसीचं यू बीडिंग घ्या, वरून दाबून बसतं. पण हिशोब करा, १८ चं प्लाय आन् दोन्हीकडनं एक-एक मिमी लॅमिनेट म्हणजे २० झाले, तुम्ही १८ चं बीडिंग आणलं तर बसणार नाही. दुकानात जाताना लॅमिनेट लावलेला वीतभर तुकडा खिशात घेऊन जा.

वरची पाटी फ्लेक्सवाल्याकडं करा पण त्याला 'बॅकलिट' म्हणून सांगा. साधा फ्लेक्स दिला तर मागून लाइट लावल्यावर पाटी मळकट दिसती. तीन मिमीच्या दोन पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या मधी तो दाबायचा, मागं १२ व्होल्टची एलईडी पट्टी. बाजूचं चित्र मात्र फ्लेक्सवाल्याला देऊ नका, ते रेडियमवाल्याचं काम. जो ट्रॅक्टरवर नावं आन् घोडे कापून लावतो ना त्याचा हात कडेला जेवढा साफ चालतो तेवढा कुणाचाच नाही. त्याला लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या रंगाप्रमाणं कापायला लावा, दहा वर्षं उन्हात हालत नाही ते.

आन् दरवाजा मोजा! खोलीचा, जिन्याचा, गेटचा, सगळे. मशीन दोन तुकड्यात बनवा, वर टीव्हीचा डबा आन् खाली पेडलचा, मधी चार बोल्ट. मी एका गिऱ्हाइकाचं देवघर बनवलं होतं ते शेवटी खिडकी काढून आत घ्यावं लागलं.

परभणीकर_पार्लर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगंल असं वाटलं नव्हतं. प्लाय कापलं नाही.

दोन आठवड्यात एवढं झालंय. मोंढ्यात पेडेस्टल मिळाले, लेथवाल्यानं रॉड आन् चकती करून दिली, काय बनवायलाव विचारलं आन् सांगितलं तर मजुरी बी घेईना, म्हणला चालू झाल्यावर मला एक डाव खेळू द्या. पेडल जीपचे भंगारातून मिळाले. टीव्ही एनटीएससी घेतो, चित्र काय सुंदर दिसायलंय, मी तर अर्धा तास नुसता पहिला रस्ता बघत बसलो.

पण दोन अडचणी आहेत. स्टीअरिंग सरळ असताना स्क्रीनवर गाडी बारीक बारीक थरथरती. आन् मधल्या भागात थोडंसं फिरवलं की गाडी एकदम वळती, कडेला मात्र फिरवत राहिलं तरी फरक पडत नाही. अर्डुइनो जातीचा प्रो मायक्रो (पॉट किती फिरला ते आकड्यात कॉम्प्युटरला कळवणारा छोटा बोर्ड) लावलाय, पॉट इथल्या रेडिओ रिपेअरवाल्याकडून घेतला. पेडलला बी तसलाच पॉट आहे, तिथं पूर्ण दाबलं तरी आकडा शंभराच्या वर जाईना.

जालना_सर्किट

पॉटवर काय छापलंय ते वाचा. ए १० के असंल तर तो लॉग पॉट आहे, आवाजाचा. आवाजाला तसाच लागतो, त्यात रेझिस्टन्स सारखा वाढत नाही, एकीकडं हळू आन् एकीकडं उडी मारून वाढतो, म्हणून तुमची गाडी अशी वागायली. तुम्हाला 'बी १० के' छापलेला पाहिजे, तो लिनिअर, म्हणजे सारखा वाढणारा. रेडिओ रिपेअरवाल्याकडं ए जास्त पडून असतात, त्याचा बी दोष नाही.

थरथरण्याचं बोलायचं तर पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, १०४ लिहिलेला, आन् वायर टीव्हीच्या मागून नेऊ नका, फ्रेमच्या खालून न्या, जमलं तर शील्डवाली. प्रोग्राममधी आठ-दहा रीडिंगची सरासरी काढा, तेवढ्यानं गाडी ढिम्म उभी राहती. प्रो मायक्रो घेतला ते चांगलं केलं, त्यातली एटीमेगा३२यू४ चिप सरळ यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळखली जाती, साध्या अर्डुइनो उनो बोर्डमधी ते तसं सहज होत नाही.

पेडलचा आकडा कमी येतो त्याचं कारण साधं आहे. पेडल ३० अंश हालतं, पॉट ३०० अंशांचा, म्हणजे बोर्डाच्या १०२४ आकड्यांपैकी दहावा हिस्साच वापरला जातो. तिथं फिरणारा पॉट काढून ६० मिमीचा सरकता पॉट लावा, मिक्सर ऑडिओला असतो तसला, पेडलच्या पट्टीनं तो पुढं-मागं ढकला. पण तो पायापाशी आहे, आपल्याकडची धूळ त्यात जाणारच, तेव्हा मला विचाराल तर एसएस४९ई हॉल सेन्सर आन् एक छोटं मॅग्नेट लावा. त्यात घासणारं काहीच नाही, मॅग्नेट जवळ आलं की व्होल्टेज बदलतं, बस. पाच व्होल्टवर मधी अडीचच्या आसपास राहतो, तिथून वर किंवा खाली. लातूर-नांदेडात मिळाला नाही तर हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीत नक्की मिळंल, परभणीवरनं सिकंदराबादकडं देवगिरी एक्स्प्रेस आहेच. पुण्याला कुणी जात असंल तर पासोड्या विठोबापाशी बी मिळतो. एकाला पाच आणायला लावा, लई स्वस्त आहेत.

आन् लाइट गेल्यावर रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होतं, आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सगळं सेट झालं की रास्पी कॉन्फिगमधी ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, वायर ओढली तरी चालतं. हायस्कोअर मात्र मग सेव्ह होत नाहीत, ते वहीत लिहा.

परभणीकर_पार्लर

खरंच ए १० के निघाला! बी १० के आणून लावला, गाडी लोण्यासारखी वळायली. हॉल सेन्सर भाचा हैदराबादहून आणायलाय.

आता फक्त गिअर राहिला. दांडी बनवली, वर ट्रॅक्टरच्या गिअरची काळी मूठ बसवली, हातात एकदम भारी वाटती. पण ती लो किंवा हायमधी थांबत नाही, सोडली की मधी येऊन लोंबती. मूळ मशिनीत तर जिथं ढकलू तिथं टक्क करून थांबायची. ते कसं करावं?

वाळूज_टर्नर

जुना काळा बॅकेलाइटचा लाइटचा खटका आठवा. मधी कधीच थांबत नाही, इकडं नाहीतर तिकडं. तेच करायचं. दांडीच्या खालच्या टोकाला एक स्प्रिंग अडकवा आन् स्प्रिंगचं दुसरं टोक पिनच्या पलीकडं, बरोबर मधल्या रेषेवर फ्रेमला. दांडी मधी असताना स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली पाहिजे, मग ती आपोआप कुठल्यातरी एका बाजूला ओढून नेती. दोन्हीकडं रबराचा तुकडा, म्हणजे टक्क आवाज येतो पण लोखंड खणखणत नाही.

रोलरवाला एकच मायक्रोस्विच पुरे, हायच्या बाजूला. दांडी हायला गेली की दाबलेला राहिला पाहिजे. एमएएमईमधी (जुन्या मशिनीचे गेम कॉम्प्युटरवर चालवायचं सॉफ्टवेअर) आउटरनचं गिअरचं बटण टॉगल म्हणून असतं, एकदा दाबलं की बदलतं, तिथं टॉगल बंद करावं लागतं. कॅननबॉल वापरत असाल तर, म्हणजे आउटरनचं ते नव्यानं लिहिलेलं इंजिन, त्याला मूळ गेमच्या फाइली वेगळ्या लागतात पण चित्र ३० च्या ऐवजी सेकंदाला ६० फ्रेमनं चालतं, तर त्याच्या कंट्रोल सेटिंगमधी गिअर 'मॅन्युअल कॅबिनेट' वर ठेवा. नाहीतर दांडी वर दिसंल आन् गाडी पहिल्याच गिअरमधी ओरडत राहील.

लेथवाल्याला पहिला डाव द्यायचं विसरू नका.